डीएक्स लिहायचा राहिला

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, वहीचं पान, इंटिग्रेशनचं गणित, आणि खाली मेसेज, "ताई शेवटी डीएक्स नाही लिहिला तर किती मार्क कापतात". बारावीला आहे तो. मला आधी हसू आलं आणि मग जरा पोटात गोळापण आला, कारण अगदी हाच प्रश्न मी २०१० साली क्लासच्या सरांना विचारला होता आणि त्याचं खरं उत्तर कळायला मला इंजिनिअरिंगची एक केटी (नापास झालेला विषय परत द्यायचा ती), नंतर अजून एकदा तीच केटी, आणि घरचा एक कांदा लागला होता. त्याला म्हटलं उद्या सांगते, झोप. मग मलाच झोप येईना म्हणून हे लिहायला बसले.

आमचं गाव निफाड तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग एकदम अकरावी सायन्स इंग्लिशमधून. गणितात मी वाईट नव्हते, उलट चांगली होते, म्हणूनच तर गोची झाली. बारावीला इंटिग्रेशन शिकवलं तेव्हा मी डीएक्सला पूर्णविराम समजायचे. खरंच. वाक्य संपलं की दांडी मारायची तसं गणित लिहून झालं की शेवटी डीएक्स. सर म्हणायचे ‘विथ रिस्पेक्ट टू एक्स’, म्हणजे एक्सला मान देऊन असं काहीतरी असेल बाबा, असंच डोक्यात बसलेलं. त्यात अजून एक भानगड. दिवाळीआधी डिफरेन्शिएशन (एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगानं बदलते ते, इंटिग्रेशन म्हणजे त्याचंच उलटं) शिकवताना सरांनी दहा वेळा बजावलं होतं की डीवाय बाय डीएक्स हा अपूर्णांक नाहीये, ते एकच चिन्ह आहे, वरचं खालचं वेगळं करायचं नाही. आणि दिवाळीनंतर तेच सर सब्स्टिट्यूशन, म्हणजे एक्सच्या जागी दुसरं अक्षर घालून गणित सोपं, करताना फळ्यावर खुशाल डीएक्स उचलून पलीकडे नेऊन गुणत होते. मी हात वर करून विचारलं, सर तुम्हीच म्हणाला होतात की हे वेगळं करायचं नाही. सर दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "असंच करतात, हे परीक्षेत विचारत नाहीत". वर्ग हसला, मी पण हसले.

आणि परीक्षेत खरंच विचारलं नाही. तेव्हा सीईटीला चार ऑप्शन, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे इंटिग्रल सोडवायचाच नाही, सरळ ऑप्शन घ्यायचे आणि उलटे डिफरेन्शिएट करून बघायचं कुठलं जुळतं. हे मला झक्कास जमायचं. मार्क आले, पुण्यात कॉलेज मिळालं, घरी पेढे वाटले.

मग एम-टू आला, इंजिनिअरिंगचा गणिताचा दुसरा पेपर. ज्यांनी केलाय त्यांना नुसतं नाव पुरे. डिफरेन्शियल इक्वेशन, रिडक्शन फॉर्म्युले, बीटा-गॅमा, डीयूआयएस, डबल इंटिग्रल, ट्रिपल इंटिग्रल, कर्व्ह ट्रेसिंग, आणि इथे ऑप्शन नसतात. पहिल्यांदा २३ पडले. पास व्हायला ४०. दुसऱ्यांदा ३७. तीन मार्कांनी केटी राहिली तेव्हा होस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते, आणि नंतर पेपर आठवून आठवून बघितला तर लक्षात आलं की एका डबल इंटिग्रलमध्ये पोलर करताना, म्हणजे एक्स-वाय सोडून मध्यापासूनचं अंतर आर आणि कोन थीटा घेताना, मी डीएक्स डीवायच्या जागी डीआर डीथीटा लिहून मोकळी झाले होते. तिथे आर डीआर डीथीटा पाहिजे. तो एक आर. पाठ केलेलं होतं, पण ज्याचा अर्थच माहीत नाही ते घाईत कोण लक्षात ठेवणार.

सुट्टीत घरी आले. चाळीत कांदा भरायचं काम चाललेलं, त्यामुळे माझ्या केटीवर बोलायला कोणाला वेळ नव्हता, ते एक बरंच झालं. दुपारी जेवायला बसलो, आईनं तोंडी लावायला कांद्याच्या गोल चकत्या केलेल्या. मी एक चकती उचलली, तिच्या रिंगा सुट्या झाल्या, आणि मी नुसतंच चाळा म्हणून एक रिंग एका जागी तोडून ताटात सरळ करायला लागले. कांदा काही सरळ राहत नाही, बोटानं दाबून धरावा लागतो. पण झाली पट्टी. लांबी किती, तर त्या रिंगेचा घेर, टू पाय आर. रुंदी किती, तर कांद्याच्या पापुद्र्याची जाडी. मग दुसरी रिंग, ती थोडी मोठी. तिसरी अजून मोठी. लहानापासून मोठ्यापर्यंत पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर काय होतं, तर पायऱ्यापायऱ्यांचा त्रिकोण होतो. पाया आर, उंची टू पाय आर, क्षेत्रफळ निम्मं म्हणजे पाय आर स्क्वेअर. वर्तुळाचं क्षेत्रफळ! सातवी-आठवीपासून पाठ असलेलं. वडील म्हणाले, "जेव ना मुकाट्यानं, कांद्याशी काय खेळतेस." पण माझं जेवण राहिलंच होतं तसंही, कारण मला दिसलं होतं की ती पापुद्र्याची जाडी म्हणजेच डीआर. तो पूर्णविराम नाहीये. तो पट्टीची रुंदी आहे. रुंदीच लिहिली नाही तर नुसत्या लांब्यांची बेरीज होते, आणि लांब्यांची बेरीज करून क्षेत्रफळ कसं येईल, शेताची नुसती लांबी सांगून गुंठे निघतात का.

मग कळलं की इंटिग्रलचं ते वाकडं लांबुळकं चिन्ह आहे तो नुसता ताणलेला एस आहे, लॅटिनमधल्या ‘सुम्मा’चा, म्हणजे बेरीज. लाइबनिट्सनं ऑक्टोबर १६७५ मध्ये आपल्या कच्च्या कागदांत तो लिहिला. आणि पंधराएक दिवसांनी, ११ नोव्हेंबरच्या कागदात, त्यालाच प्रश्न पडलेला की दोन गोष्टींच्या गुणाकाराचा डी (डी म्हणजे चिमुकला फरक) म्हणजे त्यांच्या डींचा गुणाकारच ना, आणि मग तपासून बघून तसं नाही हे त्याचं त्यालाच कळलं. हे वाचून मला इतकं बरं वाटलं. ज्या माणसानं हे शोधलं त्यालापण पहिल्यांदा तीच शंका आली जी आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना आलेली.

ते गुणाकाराचं मी एका फरशीवर समजून घेतलं, आमच्या पडवीत ६० बाय ६० सेंटिमीटरच्या फरश्या आहेत. समजा फरशी मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली, म्हणजे बाजू ६० च्या ऐवजी ६०.१. क्षेत्रफळ ३६०० चं ३६१२.०१ झालं. वाढले १२.०१ चौरस सेंटिमीटर. आता हे १२.०१ कुठून आले ते बघा. एका कडेला ६० लांब आणि ०.१ रुंद अशी पट्टी, म्हणजे ६. दुसऱ्या कडेला तशीच, अजून ६. आणि कोपऱ्यात एक चिमुकला चौकोन, ०.१ गुणिले ०.१, म्हणजे ०.०१. दोन पट्ट्या मिळून जे १२ ते डिफरेन्शियल. कोपऱ्यासकट १२.०१ तो खरा फरक, ज्याला डेल्टा म्हणतात. चूक जितकी लहान कराल तितका कोपरा पट्ट्यांपेक्षा जास्त झपाट्यानं नाहीसा होतो, मिलिमीटरचा दहावा भाग घेतला तर पट्ट्या दहापट बारीक होतात आणि कोपरा शंभरपट. लाइबनिट्सची पहिली शंका म्हणजे फक्त कोपरा मोजण्यासारखं, आणि खरं उत्तर बरोबर उलटं, कोपरा टाकून द्या आणि पट्ट्या ठेवा.

आता कोणी म्हणेल टाकून द्या म्हणजे काय, असं कसं टाकता. बरोबर आहे, बर्कली नावाच्या बिशपनं १७३४ मध्ये नेमकं यावरच न्यूटनवाल्यांना धरून धुतलं होतं, की तुमच्या या राशी म्हणजे गेलेल्यांची भुतं आहेत. ते भांडण पुढे लिमिटची नीट व्याख्या होईपर्यंत चाललं, आणि अतिसूक्ष्म संख्यांनाच धरून सगळं पक्कं उभं करता येतं हे रॉबिन्सननं दाखवलं ते तर १९६० च्या दशकात. मला केटी काढायची होती, मी त्या वादात पडले नाही. आणि आपल्याकडचं सांगायचं तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिक गतीसाठी नेमकं हेच वापरलंय, कोन थोडासा बदलला तर साइनमधला फरक म्हणजे कोसाइन गुणिले कोनातला फरक. चाळीसगावजवळ पाटणला एक शिलालेख आहे, त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा. आमची शाळेची सहल गेली होती पाटणादेवीला, आम्ही माकडांना चणे टाकून परत आलो.

असो. रुंदी डोक्यात बसल्यावर सब्स्टिट्यूशन एकदम सोपं झालं, म्हणजे गणित तेच पण भीती गेली. उदाहरण घ्या, एक्स गुणिले ई रेज टू एक्स स्क्वेअर, शून्यापासून दोनपर्यंत. आपण म्हणतो टी म्हणजे एक्सचा वर्ग. म्हणजे आपण मोजपट्टी बदलली. आधी एक्सच्या पट्टीवर मोजत होतो, आता टीच्या. पण दोन्ही पट्ट्यांवरच्या खुणा सारख्या अंतरावर नाहीत ना. एक्स एवढासा सरकला की टी टू एक्सपट सरकतो, एक्स लहान असताना टी रांगतो आणि एक्स मोठा झाला की टी पळतो. डीटी म्हणजे टू एक्स डीएक्स याचा अर्थ एवढाच. एकरातून गुंठ्यात जाताना ४० नं गुणतो तसंच, फक्त इथे तो ४० जागोजागी बदलतो. आणि गंमत म्हणजे आपल्या गणितात तो एक्स आधीच डीएक्सला चिकटून उभा आहे, नुसता २ कमी आहे. मग आत काही उरतच नाही, ई रेज टू टी आणि डीटी, बाहेर अर्धा. लिमिटपण, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते, नवीन पट्टीवरच्या पाहिजेत, शून्य ते चार. उत्तर ई रेज टू ४ वजा १ चं निम्मं, म्हणजे सुमारे २६.८. मी पूर्वी लिमिट बदलायची विसरायचे, दोनच ठेवायचे, मग उत्तर यायचं ३.१९. आणि मला कधी खटकायचं पण नाही! मूळ फंक्शन एक्स २ ला १०९ च्या वर गेलेलं असतं, क्षेत्रफळ ३ कसं असेल, पण हे बघायची सवयच नव्हती, आम्ही आकडे बघून घाबरायचो नाही तर खूश व्हायचो.

तेव्हापासून मी कुठलाही इंटिग्रल समोर आला की आधी फॉर्म्युला शोधायचं बंद केलं. आधी बघायचं, डीएक्सला चिकटून कोण उभं आहे आणि ते दोघं मिळून कोणाचे डी आहेत. कोसाइन एक्स डीएक्स दिसला की तो साइनचा डी. डीएक्स बाय एक्स दिसला की लॉगचा. पन्नास टक्के गणितं इथेच संपतात असं मला वाटतं, हा आकडा माझा आपला अंदाज.

बाय पार्ट्स, म्हणजे दोन फंक्शनांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची रीत, ती तर पुन्हा ती फरशीच निघाली. यू लांबी, व्ही रुंदी. फरशी वाढत वाढत मोठी होते तेव्हा एका कडेच्या पट्ट्या यू डीव्ही, दुसऱ्या कडेच्या व्ही डीयू, आणि सगळ्या पट्ट्या मिळून अख्खी फरशी यूव्ही. मग एका कडेच्या पट्ट्यांची बेरीज जमत नसेल तर अख्ख्या फरशीतून दुसऱ्या कडेची वजा करा. झालं. दोन वर्षं मी ‘फर्स्ट इंटू इंटिग्रल ऑफ सेकंड मायनस’ असं वेदमंत्रासारखं म्हणत होते. यू कोणाला घ्यायचं यासाठी ते लाएट का काय पाठ करायला लावतात, लॉग, इन्व्हर्स, अल्जिब्रा, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल, ते चांगलं आहे, मी अजूनही वापरते. पण नुसत्या लॉग एक्सचं गणित आलं तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली यात दुसरं फंक्शन कुठेय, आणि मी म्हटलं अगं डीएक्स आहे की. व्ही म्हणजे एक्स. उत्तर एक्स लॉग एक्स वजा एक्स. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम टॉपर झाल्यासारखं वाटलं.

पण एकदा बाय पार्ट्सनंच मला रात्रभर छळलं. वन अपॉन एक्स घेतला, म्हटलं लॉग येतो ते माहितीये, पण बाय पार्ट्सनं करून बघू. यू म्हणजे वन अपॉन एक्स, डीव्ही म्हणजे डीएक्स. यूव्ही किती, तर १. आणि दुसऱ्या पदात परत तोच वन अपॉन एक्सचा इंटिग्रल. त्या इंटिग्रलला आय म्हटलं तर आय बरोबर १ अधिक आय. शून्य बरोबर एक. मी तीनदा तपासलं, कुठेच चूक नाही. रूममेटला उठवलं, ती म्हणाली गणित गेलं खड्ड्यात, लाइट बंद कर. सकाळी दात घासताना लक्षात आलं, प्लस सी, उत्तराच्या शेवटी लिहायचा तो कॉन्स्टंट. दोन्ही बाजूंचे आय एकसारखे नाहीतच, त्यांच्यात एका कॉन्स्टंटचा फरक चालतो, आणि इथे तो फरक बरोबर १ आहे. आणि लिमिट घातल्या तर यूव्हीचं १ वजा १ होऊन ते आपोआप उडून जातं. तोपर्यंत सी पण मला दुसरा पूर्णविरामच वाटायचा. मग हेही कळलं की साइन एक्स कोसाइन एक्सचं उत्तर माझं साइन स्क्वेअर बाय २, मैत्रिणीचं मायनस कोसाइन स्क्वेअर बाय २, आणि पुस्तकातलं मायनस कोसाइन टू एक्स बाय ४, तिन्ही बरोबर कशी असतात. त्यावरून आमची चांगली भांडणं झालेली.

पार्शल फ्रॅक्शनबद्दल काही सांगण्यासारखं नाही, ती हमाली आहे, करायची. रिडक्शन फॉर्म्युले तेच. सीकंट एक्सचा (वन अपॉन कोसाइन) मात्र मला राग होता. वरखाली सीकंट अधिक टॅननं गुणा, म्हणे. का? कोणाला स्वप्न पडलं? मग कळलं की खरंच ते कोणाला सहज सुचलेलं नाहीये. मर्केटरनं १५६९ मध्ये नकाशा काढला जहाजांसाठी, त्यात अक्षांशांच्या रेषा कितीवर मारायच्या यासाठी सीकंटची बेरीज लागते. राइट नावाच्या इंग्रजानं मिनिटामिनिटाच्या अंतरानं सीकंट हातानं मिळवत जाऊन १५९९ मध्ये कोष्टकं छापली. नंतर बाँड म्हणून एकानं बघितलं की हे आकडे तर लॉग टॅनच्या कोष्टकाशी जुळतायत, असंच, योगायोगानं. आणि सिद्ध केलं ग्रेगरीनं, १६६८ मध्ये. म्हणजे जवळजवळ ७० वर्षं लोकांकडे आकडे होते पण कारण नव्हतं. आम्हाला ते कारण दोन ओळींत सांगतात आणि वर म्हणतात सोपं आहे.

आता तो आर. ज्यानं माझे मार्क खाल्ले. तो मला भाकरीवर दिसला, हो परत जेवणातच, माझ्या आयुष्यात गणित ताटातच कळतं. भाकरीचे सहा तुकडे केले की प्रत्येक तुकडा मध्याकडे निमुळता आणि कडेला रुंद. कोन तोच, डीथीटा तोच, पण मध्यापासून २ सेंटिमीटरवर त्याची रुंदी एवढीशी आणि १० सेंटिमीटरवर बरोबर पाचपट. म्हणजे कोनाला लांबी करायची तर आरनं गुणायला लागतं. त्या तुकड्यातला एक छोटासा चौकोनी घास घेतला तर त्याची एक बाजू डीआर आणि दुसरी आर डीथीटा. म्हणून आर डीआर डीथीटा. डीआर डीथीटा नुसतं लिहिणं म्हणजे मधला घास आणि कडेचा घास सारखाच आहे असं म्हणणं, जे कुठलंही भुकेलं पोर मान्य करणार नाही.

आणि याच्यापुढचं जे आहे त्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं. ई रेज टू मायनस एक्स स्क्वेअर. दिसायला साधा, घंटेसारखा आलेख, स्टॅटिस्टिक्समध्ये जिकडेतिकडे असतो. याचा इंटिग्रल आपल्या नेहमीच्या फंक्शनांमध्ये लिहिताच येत नाही, मला जमत नाही असं नाही, कोणालाच येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. मला हेसुद्धा उशिरा कळलं, मी एक अख्खी दुपार बाय पार्ट्स लावत बसले होते. माझं कुठे अडत होतं ते बघा: एक्स स्क्वेअरला टी म्हणायचं तर डीएक्सला चिकटलेला एक्स पाहिजे, आणि तो नाहीये. फक्त तेवढाच नाहीये.

मग करतात काय, मायनस अनंतापासून अनंतापर्यंत हवा असेल तर त्याचा वर्ग करतात. एक एक्सचा, एक वायचा, दोन्ही गुणले की आत ई रेज टू मायनस कंसात एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर, आणि बाहेर डीएक्स डीवाय. एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर म्हणजे आर स्क्वेअर. पोलरमध्ये जा. डीएक्स डीवायचं काय झालं? आर डीआर डीथीटा. आला ना तो आर! जो एक्सच्या गणितात नव्हता, ज्याच्यासाठी दुपार गेली, तो भाकरीच्या कडेतून स्वतःहून चालत आला आणि डीआरला चिकटून उभा राहिला. आता ई रेज टू मायनस आर स्क्वेअर, आर डीआर, हे तर बारावीचं गणित, उत्तर अर्धा. थीटाचा एक पूर्ण फेरा टू पाय. गुणाकार पाय. आपण वर्ग केला होता म्हणून वर्गमूळ, रूट पाय, सुमारे १.७७२.

मी ते लायब्ररीत केलं होतं, ओळीला ओळ लावून, आणि शेवटच्या ओळीवर आल्यावर बराच वेळ नुसती वहीकडे बघत बसले. म्हणजे मी जो आर पेपरात विसरले होते, तो काय शिक्षा म्हणून लावलेला नव्हता, तोच एकटा त्या गणितात कामाचा माणूस होता. त्याला घालवला की गणित परत तिथेच येऊन अडकतं. शेजारी बसलेल्या मुलाला सांगायला गेले तर तो म्हणाला हे सिलॅबसमध्ये आहे का.

तिसऱ्यांदा ६१ पडले. घरी फोन केला तर आई म्हणाली "बरं झालं बाई", आणि लगेच कांद्याचा भाव पडल्याचं सांगायला लागली.

तर दुसऱ्या दिवशी भावाला मी हे सगळं सांगितलं, दोन व्हॉइस नोट, एक अकरा मिनिटांची, कांद्याच्या रिंगेचा फोटो पण काढून पाठवला. ब्ल्यू टिक आली. तासभर काही नाही. मग त्याचं "ओके ताई समजलं" आणि खाली नव्या गणिताचा फोटो. सब्स्टिट्यूशन बरोबर, डीटी बरोबर, लिमिट नव्हत्याच त्यामुळे तो प्रश्न नाही, टीच्या जागी परत एक्स घातलाय, शेवटी प्लस सी आहे, आणि त्याच्यापुढे, कशासाठी कोण जाणे, अजून एक डीएक्स.